मामांच्या घराला खिळा चालत नाही

स्वतःच्या घरावर जीव टाकणारी माणसं मुंबईत ढीगभर सापडतील, पण स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा अंग चोरून राहणारा माणूस अख्ख्या उपनगरांत एकच आहे, आणि ते नेमके माझे मामेसासरे, म्हणजे बायकोचे सख्खे मामा! मुलुंडला त्यांचा जुना बंगला आहे. खाली काळा दगड, वर सागवान, मंगलोरी कौलं, आणि चहूबाजूंनी डोकावणारे टॉवर. हा बंगला हेरिटेजच्या यादीत गेला त्या दिवशी गल्लीतली माणसं सांत्वनाला आली. "वाट लागली हो तुमची, आता पाडता येणार नाही, टॉवर नाही, काही नाही!" मामांनी त्या सगळ्यांच्या हातावर पेढे ठेवले. एकाने बिचाऱ्याने विचारलं, पेढे कसले? मामा म्हणाले, "बारसं झालं घराचं. आता ते सरकारदरबारी माणूस झालं."

आणि खरंच सांगतो, त्या दिवसापासून ते घर माणूस झालं आणि मामा त्याचे नोकर झाले. भिंतीला खिळा ठोकायचा नाही म्हणजे नाही! कॅलेंडर खुर्चीवर बसतं, आणि खुर्चीवर कुणी बसू लागलं की मामा ओरडतात, "अहो, तारखेवर बसताय!" घड्याळ टेबलावर उताणं पडलेलं असतं, त्यामुळे त्या घरात वेळ बघायला वाकावं लागतं. बेल नाही, कारण बेलला वायर लागते आणि वायरीला खिळा. पितळी कडी वाजवायची, ती ऐकू गेली नाही तर गल्लीतून हाक मारायची. एसीचं नाव काढलं तर मामा छातीवर हात ठेवतात. एकदा मी भर मे महिन्यात घामाने निथळत विषय काढला, तर म्हणाले, "जावईबापू, घराला घाम आलाय का? नाही ना? मग तुम्हालाच का येतो?" कप्पाळ माझं!

बरं, घर दाखवायची हौस तर विचारूच नका. कुरिअरवाला पाकीट द्यायला येतो आणि माडीवरचे वासे बघून जातो. गॅसवाल्याला दाराची बिजागरी पाठ आहे. एक बिल्डर मिठाईचा खोका आणि टॉवरचं रंगीत चित्र घेऊन आला होता, म्हणे हेरिटेज कमिटीचं आपण बघून घेऊ. मामांनी त्याला आधी घर बघायला नेलं. दुपारचा गेलेला माणूस दिवेलागणीला बाहेर आला तो चित्र आणि खोका दोन्ही विसरून पळाला. मामा मालवणचे, राग आला की गावाकडची बोली वर येते. "शिरा पडो त्येच्या तोंडार!" म्हणाले आणि त्याच्याच मिठाईतला एक तुकडा मला दिला. मिठाई झकास होती, खोटं कशाला बोला.

पण या सगळ्या प्रेमात मामी कुठे होत्या? मामी होत्या गोरेगावात, लेकीकडे. त्याचं असं झालं. घराला जोतं उंच आणि समोर काळ्या दगडाच्या खड्या पायऱ्या, दोन्ही बाजूंनी उघड्या. मामींचे गुडघे आधीच कुरकुरत होते, त्यात एका संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन चढताना त्या घसरल्या. पाय मुरगळण्यावर निभावलं, पण धसका बसला. मामांना म्हणाल्या, "मला लिफ्ट नको, पालखी नको, नुसतं धरायला काहीतरी लावा." मामा म्हणाले, "अगं, मूळ पायऱ्या आहेत त्या! यादीत नोंद आहे. मूळ वास्तूत बदल करायचा? मी?" मामी आत गेल्या. बॅग भरली, गोरेगावच्या जावयाच्या गाडीत बसल्या, आणि खिडकीतून सांगितलं, "धरायला काही लागलं की कळवा."

मग सुरू झाली मामांची वारेमाप धावपळ. रोज सकाळी लिंक रोडची बस पकडून गोरेगाव, मामींच्या हातचं जेवण, आणि चहा झाला न झाला की परत, कारण "घर एकटं आहे." आम्ही सांगून थकलो, मामा, माणूसही एकटं आहे हो! गणपती जवळ आले तसा त्यांचा धीर सुटत चालला. गणपती मुलुंडलाच बसतो, आणि मामी नसताना तो बसायचा कसा? शेवटी एक दिवस मान खाली घालून, चोरी केल्यासारखे, ते कमिटीकडे कठड्याची परवानगी मागून आले. पाहणीला एक आर्किटेक्ट मुलगी येणार असं ठरलं. मामांनी मामींना फोन केला आणि मामी म्हणाल्या, "घर बघायला माणसं येणार तर पायऱ्यांना गेरू तरी लावा, पारोसं दिसायला नको."

आता बघा! ज्या माणसाने भिंतीला खिळा लागू दिला नाही, त्याने बायकोच्या एका शब्दावर हेरिटेजच्या दगडाला लालभडक गेरू फासला. नुसता गेरू नव्हे, टिकावा म्हणून त्यात पांढरा डिंक कालवला! वर रांगोळी. पाहणीच्या दिवशी मीही मुद्दाम रजा काढून गेलो होतो. ती मुलगी फाटकातच थबकली. "काका, हे काय?" आणि मामांच्या लक्षात आलं आपण काय करून बसलोय. त्यांचा चेहरा असा उतरला की मला हसूही येईना. "मीच बाटवलं," एवढंच म्हणाले. मुलगी मात्र गुणाची. "अहो, निघेल ते. गरम पाणी आणा, काथ्या आणा. तारेचा ब्रश अजिबात नको." आणि ओढणी खोचून ती स्वतः खाली बसली की हो!

आम्ही तिघं घासायला बसलो. नवा गेरू गेला, खाली जुना निघाला. घर यादीत जाईपर्यंत मामींनी दर दिवाळीला लावलेला, थरावर थर. तोही गेला, आणि पायरीच्या कडेला रुपयाएवढी गोल, करडी खूण दिसली. मुलगी ओरडलीच, "काका, शिसं! हे शिसं आहे!" मी म्हटलं, म्हणजे काय? ती म्हणाली, पूर्वी दगडात भोक पाडून लोखंडी गज उभा करायचे आणि भोवती शिसं ओतायचे. पुढच्या पायरीवर तशीच खूण, त्याच्या वरच्या पायरीवर तशीच! "इथे कठडा होता काका. मूळचा! तुम्ही बदल करत नाही आहात, गेलेलं परत लावताय. मी तसंच लिहून देते."  मामा मटकन पायरीवर बसले, गेरूच्या चिखलातच, आणि तसेच लाल हातांनी फोन लावला.

फोन स्पीकरवर होता. मामांनी धापा टाकत सगळं सांगितलं. पलीकडून मामी शांतपणे म्हणाल्या, "होता ना कठडा. मामंजींनी कापला. एका वर्षी गणपती मोठा आणला, कठडा पाट धरणाऱ्यांच्या आड यायला लागला म्हणून. मी नवी नवरी होते तेव्हा त्यांनीच सांगितलं मला. परसात मी कपडे वाळत घालते तो गज काय आभाळातनं पडला?"

"अगं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही घराबद्दल सांगता हो. विचारता कधी?"

आर्किटेक्ट मुलगी तोंड फिरवून हसली. मामा हसले नाहीत. फोन हातात धरून ते परसात गेले, मागोमाग आम्हीही, आणि त्या गजासमोर उभे राहिले. त्याच्यावर त्यांचाच लेंगा वाळत होता.

रीतसर परवानगी आली आणि तोच गज, खाली नवे पाय जोडून, मूळच्या जागी उभा राहिला. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मामी आल्या. मामा इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या पायरीशी हात पुढे करून उभे, राणीला उतरवून घ्यायला आल्यासारखे. मामींनी त्या हाताकडे बघितलं, कठडा धरला आणि सावकाश, न थांबता, वर गेल्या. मामा तसेच हात पुढे करून खाली. "मग मी कशाला उभा होतो गं?" मामी वरून म्हणाल्या, "राहा की उभे. बरे दिसता." त्या वर्षीची आरती अशी दणक्यात झाली की समोरच्या टॉवरमधली माणसं खिडक्यांत आली.

परवा बऱ्याच दिवसांनी तिकडे गेलो. घर अगदी तसंच आहे, कॅलेंडर अजून खुर्चीवरच. फाटकातून बघतो तर मामा बाजारातून येऊन पायऱ्या चढत होते. एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्या हाताने कठडा गच्च धरलेला. प्रत्येक पायरीवर थांबत होते. इतके हळू चढताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. माझी चाहूल लागली तसे एकदम ताठ झाले.

"काही नाही हो जावईबापू," म्हणाले, "मूळचा आहे ना, हलतोबिलतो का ते बघत होतो."

"घट्ट आहे, मामा," मी म्हटलं, आणि दुधाची पिशवी त्यांच्या हातातून घेतली. त्यांनी ती दिली. कठडा मात्र वर पोचेपर्यंत सोडला नाही.