नेलाचं चुकलेलं अक्षर

नेला रिबेरू गेली त्याला दोन वर्षं झाली, आणि आता जो तो म्हणतो, बाई देवमाणूस होती. जिवंत होती तेव्हा हेच लोक तिला खडूस म्हणायचे. तिच्या भिंतीला भिंत लावून मी चाळीस वर्षं काढली, तेव्हा मला विचारा. देवमाणूस वगैरे काही नव्हती. हट्टी होती, पाहुण्याच्या चहात साखर घालताना हात आखडायची, आणि माझी कोंबडी तिच्या अंगणात शिरली की साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायची. पण प्रार्थनेला बसली की आमच्या लारांतुकाच्या अख्ख्या किनाऱ्यावर तिच्या तोडीची बाई नव्हती, हे मात्र खरं.

ती आमच्या कपेलीची, इथल्या छोट्या प्रार्थनाघराची, मुजीआई होती. म्हणजे पुढे बसून प्रार्थना सुरू करणारी. अर्धी तिने म्हणायची, उरलेली आम्ही मागच्या बायकांनी. प्रार्थना सगळी जुन्या पोर्तुगीज भाषेत. ते लोक येऊन गेले त्याला शेकडो वर्षं झाली, भाषा इथे कुणाच्या बापाला येत नाही, पण प्रार्थना आईकडून लेकीकडे, लेकीकडून नातीकडे अशी तोंडातोंडी चालत आली. नेला आठ वर्षांची असताना तिच्या आईने तिच्याकडून घोकून घ्यायला सुरुवात केली. आई मका कुटता कुटता ऐकायची, आणि एक शब्द गळला की पळीचा दांडा पाठीत. अर्थ विचारायची सोय नव्हती. "देवाला कळतो ना? मग तुला कशाला पाहिजे?" असं आई म्हणायची. माझीही आई हेच म्हणायची. तेव्हाच्या सगळ्या आया एकाच माळेचे मणी.

नेलाचा नवरा तापाने गेला तेव्हा लिनुस तिच्या पोटात होता. एकुलता एक लेक. मोठा झाला आणि इथली सगळी पोरं जातात तसा समुद्र ओलांडून तावाऊला गेला, तेलताडाच्या मळ्यात कामाला. दर दोन वर्षांनी नाताळात यायचा. सत्ताविसाव्या वर्षी त्याच्याऐवजी त्याच्याबरोबर काम करणारा बसिल आला. फळांनी भरलेला ट्रक उलटला आणि लिनुस खाली सापडला, एवढं त्याने सांगितलं. तिथेच पुरलं होतं.

"दुखलं का त्याला?" नेलाने एवढंच विचारलं.

"नाही आई. डोळ्याचं पातं लवायच्या आत गेला. काही कळलंसुद्धा नाही त्याला."

ती रडली नाही. गल्लीतल्या बायका गळ्यात पडायला आल्या, तर त्यांना म्हणाली, "त्याला काही झालं नाही, मग मी कशाला गळा काढू?" आणि शेवग्याच्या पाल्याची आमटी ढवळायला आत गेली. त्यानंतर चौदा वर्षं ती एकटी राहिली. एकटीने मका कुटायचा, एकटीने मासा भाजायचा, अर्धा खायचा आणि अर्धा सकाळसाठी झाकून ठेवायचा. भिंतीपलीकडून मला तिच्या घरातला एकच आवाज यायचा, झाकणीचा. कधी विचारलं, "नेला, बरं वाटत नाही का गं?" तर उत्तर ठरलेलं: "मला काय धाड भरलीय?" कपेलीत पुढच्या चटईवरची जागा हीच काय ती तिची माणसांतली जागा होती. तिथे तिच्या तोंडातून शब्द निघाला की चाळीस बायका उत्तर द्यायच्या. घरात कोण देणार होतं?

आणि नेमका त्या जागेवर घाला आला.

त्या वर्षी आमच्याकडे दमियान नावाचा नवा रोमो आला, पाद्रीला आम्ही रोमो म्हणतो. इथलाच पोरगा, पण सहा वर्षं पोर्तुगालमध्ये धर्मशास्त्र शिकून आलेला. उपवासाच्या दिवसांत एका दुपारी तो कपेलीत मागे येऊन बसला. नेलाने श्रद्धेची प्रार्थना म्हटली, येशू जन्मला, पिलात नावाच्या सुभेदाराच्या हुकमाने क्रुसावर मेला आणि पुन्हा उठला ती, आम्ही उत्तर दिलं, आणि मी सहज मागे पाहिलं तर हा कपाळाला हात लावून बसलेला. बायका पांगल्या तसा तो पुढे आला.

"आई, पिलाताच्या नावाआधी तुम्ही कोणता शब्द म्हणता?"

"पारेसेउ," नेला म्हणाली.

"तो पादेसेउ आहे. दे. तुम्ही रे म्हणता."

"माझी आई रे म्हणायची."

"पादेसेउ म्हणजे त्याने सोसलं. पारेसेउ म्हणजे नुसतं तसं भासलं. तुम्ही म्हणताय की येशूने काही सोसलंच नाही, लोकांना फक्त तसं दिसलं."

मी म्हटलं, "रोमो, एका अक्षराने काय आभाळ कोसळणार आहे का? इथे कुणाला कळतंय?"

त्यावर तो खालीच बसला, आणि बोलायला लागला तो थांबेचना. म्हणे ही चूक आमची नाहीच, फार जुनी आहे, येशूनंतरच्या पहिल्या शंभर वर्षांतली. देवाला घाम येतो, देवाचं रक्त सांडतं, देव कळवळतो, हे त्या काळच्या शहाण्यांनाही पचेना. म्हणून त्यांनी सांगायला सुरुवात केली की देह नुसता दिसायला होता. त्यावर भांडणं झाली, सभा भरल्या, चूक हाकलून दिली. तर ती दुसऱ्या देशात दुसऱ्या नावाने उगवली. तिथूनही हाकलली. "दर दोन-चारशे वर्षांनी येतेच," तो म्हणाला. "माणसांना आश्चर्य सोसत नाही, आई. ते कापून आपल्या मापाचं करून घेतात."

"मांजरासारखी आहे मग," मी म्हटलं. "पुढच्या दाराने हाकला, मागच्या दाराने चुलीपाशी हजर."

तो हसला. नेला हसली नाही. तिने विचारलं, "म्हणजे एकसष्ट वर्षं मी त्याला सांगत होते, की तुला काही झालंच नाही?"

रोमो जरा गडबडला. मनाने पोरगा वाईट नव्हता. पण शिकून आलेल्या माणसाला एक खाज असते, आणि ती त्याने भागवलीच. "पवित्र आठवड्यातल्या बुधवारी तुम्ही नीट म्हणा. जमलं नाही तर शुक्रवारपासून एर्मेलिन्दाआई पुढे बसतील. त्यांनी छापील पुस्तकावरून पाठ केलंय."

एर्मेलिन्दा! तिचा आवाज म्हणजे गंजलेली बिजागरी. पण पुस्तक होतं ना तिच्याजवळ.

पुढचे तीन आठवडे नेला माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसायची आणि शब्द घोकायची. मी म्हणायचे, पादेसेउ. ती म्हणायची, पादेसेउ. एकटा शब्द सरळ यायचा. पण ओळीत घातला की जीभ जुन्या वाटेनेच जायची. "जित्याची खोड," मी म्हटलं, आणि पुढचं गिळलं. ती चिडायची, मी चिडायचे. एकदा तिने माझी परात आपटली.

बुधवारच्या आदल्या सकाळी ती आली ती घोकायला बसलीच नाही. दारातच उभी राहिली.

"बिबी, मला ते नीट म्हणायचंच नाहीये बहुतेक."

"म्हणजे?"

"त्याला दुखलं नसेल तर बरंच आहे की. कुणाचं का लेकरू असेना, दुखलं नाही असंच मला म्हणावंसं वाटतं. त्यात माझं काय पाखंड?"

माझे हात पिठात होते, ते मी पिठातच ठेवले. ती माझ्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांचा शेजार म्हणजे चेहरा लपवायला जागाच उरत नाही.

"बसिल तुला वेगळं काही म्हणाला होता?" तिने विचारलं.

चौदा वर्षं मी तो प्रश्न येईल म्हणून भीत होते, आणि चौदा वर्षं तो आला नाही म्हणून देवाचे आभार मानत होते. बसिलने त्या दिवशी जाताना मला विहिरीजवळ गाठलं होतं. एकट्याच्या पोटात ते राहत नव्हतं म्हणून माझ्या पोटात ओतून गेला. आता मी खोटं बोलू शकले असते. नाही बोलले. अजूनही मला ठरवता येत नाही, चांगलं केलं की वाईट.

"संध्याकाळपर्यंत जिवंत होता, नेला. सकाळी ट्रक उलटला. मळ्यातून दवाखाना लांब होता. तुझं नाव घेत होता."

ती खाली बसली. म्हणाली, "संध्याकाळपर्यंत." मग उठली आणि घरी गेली. मी दिवसभर भिंतीला कान लावून होते. झाकणीचासुद्धा आवाज आला नाही.

बुधवारी दुपारी कपेल भरली. बाहेर सगळं गाव गप्प, येशूला खिळलं तो हा आठवडा, त्यात आमच्याकडे कुणी खिळासुद्धा ठोकत नाही. नेला काळ्या कपड्यांत पुढच्या चटईवर बसली, माझ्याकडे बघितलंही नाही. रोमो दारापाशी उभा. एर्मेलिन्दा पुस्तक मांडीवर घेऊन तयार. नेलाने सुरुवात केली, नेहमीसारखी, धीम्या सुरात. मरियेच्या पोटी जन्मला, इथपर्यंत आली आणि थांबली.

पुढची ओळ तिची होती. सोसलं, खिळलं, मेला, पुरला, हे सगळं तिने म्हणायचं, आणि 'तिसऱ्या दिवशी उठला' हे आम्ही. पिढ्यान्‌पिढ्यांची वाटणी. चाळीस बायका तोंडात 'उठला' धरून बसलो होतो, आणि तिने सोसलं म्हटल्याशिवाय आम्हाला उठला म्हणता येत नव्हतं. एर्मेलिन्दाने श्वास घेतला. मी तिच्या दंडाला असा चिमटा काढला की तो तिने तसाच आत ठेवला.

मग नेलाने म्हटलं, "पादेसेउ." दे अगदी स्वच्छ. सुरात नाही म्हटलं, साध्या आवाजात, समोरच्या माणसाला काही कबूल करावं तसं. रोमोने डोळे पुसले. त्याला वाटलं, अक्षर सुधारलं. उरलेली ओळ तिने रडत रडत पुरी केली, चौदा वर्षांचं सगळं एकदम. आणि मग आम्ही आमची ओळ म्हटली. इतकी बेसूर आम्ही ती कधीच म्हटली नव्हती.

बायका गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "दुखतंय गं, बिबी." बस, एवढंच. पुढची जागा तिचीच राहिली, जाईपर्यंत. माझ्याशी मात्र ती नंतर महिनाभर बोलली नाही, आणि मग एक दिवस माझ्या कोंबडीवरून ओरडली, तेव्हा मला हायसं वाटलं.

आता ती नाही. रोमो दमियानची बदली झाली. एर्मेलिन्दाचे गुडघे गेले. पुढे बसते ती नेलानेच लहानपणी शिकवलेली एक बाई, आणि शिकताना ऐकलेलंच तिच्या जिभेवर आहे. पारेसेउ. चूक मागच्या दाराने परत आली. मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगायला बसले तर लिनुसचंही सांगावं लागेल, आणि ते माझं नाही. भिंतीपलीकडचं घर बंद आहे. रोज दुपारी मी कपेलीत मागे बसते. ती बाई पुढून 'भासलं' म्हणते, आणि तेवढ्या एका शब्दापुरती मी तिच्याबरोबर, ओठांतल्या ओठांत, 'सोसलं' म्हणते. मग सगळ्यांबरोबर आमची ओळ.