मागच्या दाराचं कुलूप

माझी मावशी बुटांच्या कारखान्यात शिवणकामाला होती. हात असा चालायचा की बघत राहावं. अशा बाईला त्यांनी मशीनवरून उठवून मागच्या दाराशी स्टुलावर बसवलं आणि वर त्याला तोडगा म्हणतात! आठवलं की माझं डोकं फिरतं.

त्याचं असं झालं. एकदा गोंदाच्या खोलीत ठिणगी पडली. आम्ही सगळ्या बायका मागच्या दाराकडे धावलो, तर दाराला कुलूप. आग कशीबशी विझली, पण दोघी धुराने बेशुद्ध पडल्या होत्या.

सरकारी कायदा सांगतो, काम चालू असताना ते दार उघडं हवं. बूट विकत घेणाऱ्या परदेशी कंपन्यांनी मिळून आपली वेगळी नियमावली केली आहे. ती सांगते, माल चोरीला जाऊ नये म्हणून दाराचा पक्का बंदोबस्त हवा. म्हणून सरकारी निरीक्षक आला की कुलूप काढायचं आणि कंपन्यांचा तपासनीस आला की लावायचं. निरीक्षक कंपन्यांचं प्रमाणपत्र बघून मान डोलावणार, तपासनीस सरकारी परवाना बघून. एकमेकांच्या भरवशावर दोघेही डोळे मिटून मोकळे, आणि आम्ही आत!

आगीनंतर हे दोघे नेमके एकाच दिवशी आले. मावशी मशीन सोडून उठली.

"दोघंही आहात तर एकदाचं सांगा, दार उघडं की बंद?"

कारखान्याच्या साहेबांना घाम फुटला. बराच खल झाला, चहा झाला आणि ठरलं की दार उघडं ठेवायचं, पण तिथे राखणीला माणूस बसवायचा. माणूस कोण, तर जिने तोंड उघडलं ती. दोघांच्याही कागदांवर बरोबरच्या खुणा झाल्या.

"जाऊ दे गं, तू आत असतेस ना, बसते मी," मावशी म्हणायची. मला मात्र तिचे रिकामे हात बघवायचे नाहीत.

परवा ती तापाने फणफणली. मी कामावर गेले, तर स्टूल रिकामं आणि दाराला पुन्हा कुलूप.

"बसायला माणूस नाही, मग बंदच ठेवणार ना?" साहेब म्हणाले. "आणि तपासणीला अजून अवकाश आहे."

मी रागाने मावशीला फोन लावला. ती तशीच आली, घरातल्या चपला घालून, डोक्याला रुमाल बांधून. बूट ज्यावर चढवून ताणतात तो जड साचा उचलला आणि कुलपावर हाणत राहिली. कुलूप तुटून पडलं.

"मावशी, अहो, तपासणीत काय सांगू मी?" साहेब धावत आले.

"आग काय तपासणीची तारीख बघून लागते?"

"उद्या नवं कुलूप आणतो!" साहेब ओरडले.

"आणा की. मी उद्यापासून मशीनवर बसणार."

तिने साचा माझ्या हातात दिला. मी मागे वळून पाहिलं. रांगेतल्या सगळ्या बायका उठून उभ्या होत्या, आणि प्रत्येकीच्या हातात एकेक साचा होता.