मिस्त्रीजींचा जोड

रिटायर झाल्यावर काय करणार, असं मला जो तो विचारायचा. मी जेट विमान बांधायला घेतलं आणि लोकांनी विचारणं बंद केलं.

खेळण्यातलं विमान म्हटलेलं मला आजही खपत नाही. नाकापासून शेपटीपर्यंत ते माझ्याहून लांब होतं. आत प्लायवूडचा सांगाडा, त्यावर बाल्सा या हलक्या लाकडाच्या पातळ फळ्या, वरून फायबरग्लासचं कापड आणि रेझिन. पोटात रॉकेलवर चालणारं खरं टर्बाइन, दोन्ही हातांत मावेल एवढं. ते सुरू झालं की शेजारच्यांच्या खिडक्या आधी बंद व्हायच्या आणि मग शिव्या ऐकू यायच्या. हवेत गेलं की सगळा कारभार माझ्या हातातल्या रिमोटवर. जन्मभर मालगाडी चालवली, रुळांनी नेलं तिथे गेलो. डावीकडे-उजवीकडे वळवायची हौस राहूनच गेली होती.

हे विमान मी एकट्याने बांधलं असं मी सगळ्यांना सांगत असे. ते खरं नव्हतं. लाकडाचं सगळं काम मिस्त्रीजींचं होतं. मिस्त्रीजी रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले सुतार, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे, इथे झाशीतच सीपरी बाज़ारच्या मागे राहायचे. रोज सकाळी सायकलवर यायचे, बायकोच्या हातचे पोहे खायचे, "वहिनी, पुरे" म्हणायचे आणि कामाला लागायचे. मराठीतले एवढेच दोन शब्द त्यांना येतात अशी माझी समजूत होती.

त्यांची एक पद्धत होती. कुठलाही महत्त्वाचा जोड करायच्या आधी ते त्याच लाकडाचा, त्याच गोंदाचा एक नमुना बनवायचे. तो दोन दिवस सुकू द्यायचा, मग पकडीत आवळून सगळी ताकद लावून मोडायचा. तो लाकडात मोडला तर ठीक. जोडावर उकलला तर अख्खं काम रद्द. "लकड़ी टूटे तो टूटे, जोड़ नईं टूटना चइए," असं म्हणत ते मोडलेला तुकडा माझ्या नाकासमोर धरायचे. विमानाचे पंख जिथे धडाला बसतात, तिथला जोड पसंत पडेपर्यंत त्यांनी सात नमुने मोडले. मी वैतागलो होतो. त्यांना त्याचं काही नव्हतं.

माझ्याकडूनही एक पद्धत या कामात आली होती. इंजिनात ड्रायव्हर आणि असिस्टंट दोघांनी सिग्नल मोठ्याने पुकारायचा असतो. एकाने म्हणायचं, दुसऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघून परत म्हणायचं. आम्ही उड्डाणाआधी तसंच करायचो. मी रिमोटची दांडी उजवीकडे लोटून ओरडायचो, "दायाँ!" मिस्त्रीजी विमानाच्या शेपटीमागे वाकून पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या बघायचे आणि म्हणायचे, "दायाँ, सही!" मग डावं, मग वर, मग खाली. हे झाल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही, हा नियम माझाच.

आता आमच्या मराठीबद्दल सांगायला हवं. आजोबा रेल्वेत लागून झाशीला आले, तेव्हापासून आम्ही इथले. बाहेर सगळं हिंदीत. मराठी घरात, आणि घराबाहेर फक्त एकाच कामासाठी: समोरच्याला कळू द्यायचं नसेल तेव्हा. दुकानदारासमोर भाव खूप सांगतोय म्हणायचं, पाहुण्यासमोर हा कधी उठणार म्हणायचं, सगळं मराठीत, चेहरा हसरा ठेवून. झाशीतल्या आम्हा मराठी लोकांची ही खोड जुनी आहे. लहानपणापासून ती मी इतकी वापरली की समोरच्याला दोन कान आहेत हेच मी विसरून गेलो.

मुलगी पुण्याला दिलेली. ती सातव्या महिन्यात माहेरी आली आणि डोहाळजेवणासाठी व्याही-विहीणबाई पुण्याहून आले. व्याही माणूस चांगला, पण माझ्या मराठीवर हसायचा. मी "टाईम नाही भेटला" म्हणालो की "मिळाला, मिळाला" अशी दुरुस्ती करायचा. झाशीत बघण्यासारखं किल्ल्याशिवाय काय आहे, असं त्याने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर मी म्हणालो, उद्या दाखवतो.

त्याच दिवशी मिस्त्रीजींनी बायकोला सांगितलं की बाळाचा पाळणा ते करणार. सागवानाच्या फळ्या त्यांनी कधीपासून जपून ठेवल्या होत्या. मुलगी एवढी खूश झाली की तिने त्यांना वाकून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी आम्ही झाशीबाहेर बरुआसागरच्या वाटेवर गेलो. नवा हायवे झाल्यावर जुन्या रस्त्याचा एक सरळ तुकडा तिथे तसाच पडून आहे. परवानगी घेऊन आम्ही तिथूनच उडवायचो. थंडीची स्वच्छ सकाळ होती. बायको आणि मुलगी घरी, व्याही-विहीणबाई खुर्च्यांवर. मी मिस्त्रीजींना पाहुण्यांसाठी गाडीतून चहाचा थर्मास आणि सतरंजी आणायला पाठवलं. आजवर तिथे मी त्यांना असलं काम कधी सांगितलं नव्हतं. पुण्याच्या व्याह्यांसमोर मला साहेब व्हायचं होतं, दुसरं काय.

ते गेले आणि व्याह्याने मोबाईल वर धरला. "चला, उडवा की!" मी दांडी इकडे-तिकडे हलवली, मनातल्या मनात दायाँ-बायाँ म्हटलं आणि उत्तरही मीच दिलं. पाठ असलेल्या सेक्शनवर आळशी ड्रायव्हर सिग्नल न बघताच पुकारतो, अगदी तसं. अशा ड्रायव्हरांना मी नोकरीत किती झापलं आहे! त्यातून त्याच आठवड्यात मी नवा रिमोट घेतला होता आणि सगळी सेटिंग नव्याने भरली होती. बघायचं ते त्याच दिवशी बघायला हवं होतं.

मिस्त्रीजी सतरंजी घेऊन परत आले, तोवर टर्बाइन शिट्टी घालू लागलं होतं. त्यांनी कानाशी येऊन विचारलं, "पुकार लओ?"

"पुकार लिया," मी म्हणालो.

विमान सुरेख धावलं, सुरेख उचललं गेलं. विहीणबाई "अगं बाई!" म्हणाल्या. मग वाऱ्याने उजवा पंख जरासा खाली गेला. मी दांडी डावीकडे लोटली, तर तो आणखी खाली गेला. आणखी लोटली. विमान कुशीवर झालं, पंख टेकला आणि पडीक जमिनीवर रॉकेलचा भडका उडाला. सगळा खेळ मोजून सात-आठ सेकंदांचा. आग विझवायचं नळकांडं घेऊन धावले ते मिस्त्रीजी. मी जागचा हललो नाही.

काय झालं ते मला तिथेच उमगलं होतं. दांडी उलटी चालत होती. उजवा पंख सावरायला गेलो तो मीच खाली ढकलला.

मिस्त्रीजी जळक्या ढिगाजवळ वाकून बघत होते. उजव्या पंखाचा बुंधा कोळसा झाला होता, त्यातून काहीच कळणार नव्हतं. ते परत आले, हातात ते नळकांडं तसंच. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. व्याह्याने विचारलं, "काय झालं हो एकदम?"

मी मराठीत म्हणालो, "काही नाही हो. सुतारकाम कच्चं निघालं. पंखाचा जोड सुटला. म्हातारा झालाय, हात चालत नाही त्याचा आता."

हे मी मिस्त्रीजींपासून दोन पावलांवर उभा राहून म्हणालो. चेहरा हसरा ठेवून.

घरी आल्यावर खोलीचं दार लावलं आणि शाबूत राहिलेला डावा पंख रिमोटला जोडून पाहिला. दांडी उजवीकडे लोटली, पट्टी डावीकडच्या वळणासाठी हलली. उलटं. एक बटन दाबून मी ते सुलटं केलं. इतकं सोपं होतं. त्यानंतर कोणी तपासलं असतं तरी काहीही सापडलं नसतं, आणि मला त्या क्षणी हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मला सगळ्यात जास्त टोचतं. चूक माणसाकडून होते. पण मी पुरावा पुसला आणि निवांत चहा प्यायलो.

मिस्त्रीजी आठ दिवस आले नाहीत. नवव्या दिवशी ऑटोतून आले. पाळण्याच्या फळ्या बरोबर होत्या, तासून, पेन्सिलीच्या खुणा करून. त्यांनी त्या व्हरांड्यात भिंतीला टेकवल्या आणि बायकोला म्हणाले, "वहिनी, किसी और से बनवा लेना. अब हमाए जोड़ पे बच्चा न सुलाओ."

बायकोला काही कळेना. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "वय झालंय त्यांचं." परत मराठीत.

नंतर समजलं की त्यांनी घरची पकडसुद्धा देऊन टाकली. शेजारणीच्या स्टुलाचा पाय दुरुस्त करायलाही नाही म्हणाले. रोज ठरवायचो, उद्या जाऊन सांगतो. रोज काहीतरी निमित्त निघायचं. सीपरी बाज़ार काही लांब नाही, चालत गेलो असतो तरी पोचलो असतो. तोंड दाखवायचं धैर्य नव्हतं, बाकी काही नाही.

नात झाली. बारशाला सदर बाज़ारातून लोखंडी पाळणा आणला, पांढऱ्या रंगाचा, नट-बोल्टचा. व्याही-विहीणबाई पुन्हा आले. बायकोने मिस्त्रीजींना बोलावलं होतं, मला न विचारता. ते धुतलेला कुर्ता घालून आले, बाळाच्या मुठीत नाणं ठेवलं. मग पाळण्याचा एकेक बोल्ट बोटांनी चाचपून पाहिला, सगळे, खाली वाकून मागचे दोनसुद्धा. "पक्का है," म्हणाले, आणि न जेवता निघाले.

मी अनवाणी त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेलो. सायकलचं हँडल धरलं. हिंदीत म्हणालो, "मिस्त्रीजी, जोड़ नहीं खुला था. नए रिमोट में हमने उल्टा भर दिया था. और उस दिन पुकारा भी नहीं था. झूठ बोले थे आपसे."

त्यांनी सायकलच्या घंटीवरची धूळ अंगठ्याने पुसली.

"जोड़ पक्का था?"

"पक्का था."

"तीन महीना हो गओ, डिराइवर साब," ते म्हणाले. "हम रोज सोचत रए कि गोंद में का कमी रै गई."

माझ्या त्या मराठी वाक्यातला 'जोड' तेवढा त्यांना कळला असणार, असं मी धरून चाललो होतो. मी म्हणालो, माझ्या एका शब्दावर तुम्ही विश्वास का ठेवलात, मला दोन शिव्या का नाही दिल्यात? आणि मग ते मराठीत बोलले. मोडकी, पण मराठीच. "तुमी मला कुठं सांगितलं? तुमी व्याह्याला सांगितलं. आपल्या बोलीत. आपल्या माणसाशी आपल्या बोलीत कोणी खोटं कशाला बोलेल? म्हणून मी मानलं."

रेल्वे क्वार्टरमध्ये त्यांच्या शेजारी एक मराठी आई राहायच्या, त्यांच्या अंगणात ते वाढले, हे त्यांनी मग सांगितलं. म्हणजे इतकी वर्षं आमच्या घरात आम्ही जे जे बोललो, ते सगळं त्यांना कळत होतं. पोहे आज खारट झालेत, हा माणूस आज फार वेळ बसला, सगळं. आणि तरी ते रोज येत होते.

"वहिनीला सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"तिला सांगा. व्याह्यालापण." त्यांनी माझा हात हँडलवरून हळूच काढला. "मराठीत सांगा."

ते गेले. आत पंगत बसली होती, बायको वरण वाढत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, पहिल्यापासून, रिमोटच्या बटनापर्यंत. जीभ अडखळली, दोन-तीन शब्द हिंदीत आले, या वेळी कोणी दुरुस्त केलं नाही. व्याही म्हणाला, "अहो, जाऊ द्या, विमानच ते." मुलगी पानाकडे बघत बसली.

बायकोने वरणाचं पातेलं खाली ठेवलं. तिने एकच विचारलं, "तुम्ही असं बोललात तेव्हा ते तिथेच उभे होते?"

"हो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने व्हरांड्यातल्या फळ्या पुसल्या, ऑटो बोलावला, एकटीने त्या आत चढवल्या आणि मिस्त्रीजींकडे गेली. मी चप्पल घालून फाटकात उभा होतो. तिने मला चल म्हटलं नाही.