ॲपला न कळलेलं ‘नाय’

मी महाडच्या एका शाळेत मराठी शिकवते. इतकी वर्षं एकच उद्योग केला: मुलांच्या वहीतलं ‘नाय’ खोडायचं आणि वर लाल शाईने ‘नाही’ लिहायचं. घरीही जीभ आवरत नसे. पोलादपूरच्या पुढे, कशेडीच्या अंगाला आमचं गाव. तिथे गेले की बाबांचंही बोलणं मध्येच तोडून दुरुस्त करायची. ते हसायचे, “बरं गो मास्तरीणबाय,” म्हणायचे आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा ‘नाय’ म्हणायचे.

आई गेली तेव्हा माझी झोप उडाली. शाळेतल्या एका मैत्रिणीने माझ्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलं, मनाची विचारपूस करणारं. मी नाक मुरडलं. ज्या फोनने डोकं उठवलं, तोच आता डोकं चेपून देणार? पण त्यातली बाई शांत आवाजात सांगायची, चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. आणि पंधरा दिवसांत मी सलग झोपू लागले. याचं मला आजही नवल वाटतं.

मग डोक्यात आलं, बाबांचं काय? ते गावी एकटेच राहत होते. महाडला यायला तयार नव्हते. “तिथं गॅलरीत बसून काय रिक्षा मोजू?” म्हणाले. म्हणून तेच ॲप त्यांच्या फोनवर घातलं. दिवेलागणीला ॲपमधली बाई विचारणार, “आज कसं वाटतंय?” बाबांनी फक्त बोलायचं. ॲप ते बोलणं लिहून घेणार, त्यावरून एक चेहरा ठरवणार, हसरा पिवळा नाहीतर उतरलेला निळा, आणि तो चेहरा माझ्या फोनवर पाठवणार.

चेहरे येऊ लागले. रोज पिवळा. माझा जीव भांड्यात पडला. स्टाफरूममध्ये मी सगळ्यांना दाखवत सुटले, बघा, आमच्या बाबांना कसं जमलंय! दर रविवारी गावी जायची ती पंधरवड्याने जाऊ लागले, मग परीक्षा आल्या आणि तेही राहिलं. फोनवर विचारलं की बाबा “बरं हाय” एवढंच म्हणत. पिवळा चेहरा आणि ‘बरं हाय’, आणखी काय पाहिजे?

परीक्षा संपल्यावर एका रविवारी गेले. बाबा पडवीत बसले होते. सदरा अंगावर लोंबत होता, गालफडं बसली होती. टोपलीतल्या भाकऱ्या वाळून कडक झालेल्या. मी तिथेच तडकले. “रोज हसरा चेहरा येतो मला! ही काय दशा करून घेतलीत?”

“कसला चेहरा गो?” त्यांनी खरोखरच न कळून विचारलं. मग “च्याला दूध बघतो” म्हणून शेजारच्या घराकडे गेले.

मी त्यांचा फोन उघडला. पहिल्याच दिवसाची नोंद: ‘मला बरं वाटत. अन्न गोड लागत. झोप येत.’ खाली ॲपची शाबासकी: ‘छान! असेच आनंदी राहा.’ ही अर्धवट वाक्यं बघून मला शंका आली. शेजारी बाबांचं बोलणं ऐकायचं बटण होतं. ते दाबलं.

“मला बरं वाटत नाय गो बाय. अन्न गोड लागत नाय. झोप येत नाय.”

ॲपला ‘नाही’ शिकवलेलं होतं. ‘नाय’ त्याला शब्दच वाटला नाही. वाटेत पडलेला खडा बाजूला सारावा तसा त्याने तो सारला होता, रोज, प्रत्येक वाक्यातून. आणि राहिलेल्यातलं ‘बरं’ आणि ‘गोड’ उचलून मला हसरे चेहरे पाठवले होते. राग कुणावर काढू? तेच काम मी जन्मभर लाल शाईने करत आले होते.

मी ऐकत राहिले. जो माणूस माझ्यापाशी दोन शब्दांवर तिसरा बोलत नव्हता, तो त्या बाईशी रोज पाच-पाच मिनिटं बोलला होता. आईच्या लुगड्याची घडी अजून मोडली नाही हे सांगितलं होतं. गोठ्यातल्या भाकड गाईशी बोलतो, पण ती तोंड फिरवते, हेही. एवढं सगळं त्यांच्या आत होतं आणि ते मावत कुठे होतं, मला कळेना. तळहाताएवढ्या त्या फोनसमोर मी देवापुढे बसावं तशी बसले होते. आणि प्रत्येक बोलण्याच्या शेवटी एकच विनवणी: “ह्ये माझ्या पोरीला सांगू नको हां बाय. ती दमते.”

ॲपने सांगितलं नव्हतं. चुकून का होईना, त्याने शब्द पाळला होता.

पुढे बाबांना महाडला डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या, तब्येत सुधारली. पण मला सांगायची आहे ती तीच दुपार. बाबा दूध घेऊन परतले, माझ्या हातात फोन पाहिला आणि समजले. मी डोळे पुसले. भांडं खाली ठेवून ते शेजारी टेकले.

“तिला का सांगितलंत? मला का नाही?”

“ती मधी बोलत नाय,” ते म्हणाले.

मी तोंड मिटलं. घाटात ट्रक चढत होते, त्यांची घरघर ऐकू येत होती. मग बाबा जमिनीकडे बघत बोलू लागले.

“तुझी आय गेली त्या दिवशी सकाळी म्हणाली, छातीत भरून येतंय. मी म्हटलं, दुपारच्या गाडीनं जाव. लगेच निघायला होवं होतं. निघलो नाय.”

“बाबा, तुमचा काय दोष” हे ओठांवर आलं होतं, तेवढं मी गिळलं. कारण त्याच सकाळची एक गोष्ट माझ्याकडेही होती. ती मी नवऱ्याला सांगितली नव्हती, माझ्या फोनमधल्या बाईलासुद्धा नाही.

“आईचा मला फोन आला होता,” मी म्हणाले. “नऊ वाजता. दोनदा. मी वर्गात होते. उचलला नाही.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. एक क्षणही लावला नाही त्यांनी.

“शाळा होती ना गो तुझी,” ते म्हणाले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.