मोकळा करून द्यावा

बायको गेली तेव्हा माणसं मला म्हणाली, तुम्ही तरी काय करणार होता भाऊ, दमाच होता तिला. दमा होता, खरं आहे. पण बगीचा राहिला असता तर ती आणखी जगली असती. आणि बगीचा माझ्या एका शब्दानं गेला.

गोंडराजाच्या वेळचा बगीचा म्हणत त्याला. दगडी विहीर, करंजाची आणि चिंचेची जुनी झाडं. आमचं टिनाचं घर त्याच्या मागंच. उन्हाळ्यात टिन असं तापायचं की आत तिचा श्वास कोंडायचा. स्वयंपाक आटोपला की ती करंजाखाली जाऊन बसायची, ऊन उतरल्यावर घरी यायची. तिथं तिची छाती घरघरत नसे. मोहल्ल्यातल्या बायाही तिथंच तांदूळ निवडायच्या.

गडचिरोली जिल्हा वेगळा झाला त्याच्या आसपास आमच्या गावाला दुकानांचं वेड लागलं. एके दिवशी तिथं दुकानं बांधायची म्हणून ठेकेदारानं बगीच्याला काटेरी तार मारली, फाटकाला कुलूप घातलं.

तिनं विचारलं, "आता मी कुठी बसू?"

मग तीच घरोघर फिरली. दोन घरं झाली की ओट्यावर टेकायची, दम खायची, पुन्हा उठायची. बाया तयार झाल्या. तहसील कचेरीत अर्ज द्यायचं ठरलं. लिहिणारा मी. राइस मिलमध्ये पोती उचलायचो, पण चवथी पास होतो आणि त्याचा ताठा होता.

ती म्हणाली, "तार काढा, झाडाले हात लावू नका, असं सारं लिवा."

"लांब लिवलं तर साहेब वाचत नाई. तुले काय समजते त्यातलं?"

अन् मी एकच ओळ लिहिली. ‘जुना बगीचा लवकरात लवकर मोकळा करून द्यावा.’ खाली साऱ्यांचे अंगठे घेतले. आमच्याकडं बैल मोकळा करा म्हणजे त्याचं दावं सोडा. माझ्या मनात तेच होतं.

काही दिवसांनी कचेरीतला बाबू फाटकावर आला. सोबत कुऱ्हाडीवाले. बाया आडव्या उभ्या राहिल्या. बाबूनं आमचाच अर्ज वाचून दाखवला. "तुमचीच मागणी आहे ना? झाडं काढून जागा मोकळी करून देतो."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. "तुमी काय लिवलं?"

"मोकळा म्हणजे सोडून द्या, साहेब," मी बाबूला म्हटलं.

तो हसला. "मग तसं लिहायचं होतं, बाबा."

शेजारची म्हातारी माझ्यावर करवादली, "चवथी पास म्हणे! यापरीस आमचा अंगठा बरा!"

त्या दिवशी बाया हटल्या नाहीत, कुऱ्हाडीवाले परत गेले. मी लगेच दुसरा अर्ज लिहिला, ती सांगेल तसा, शब्द न शब्द. तो घेऊन घरोघर गेलो. सगळीकडं एकच. "नाई भाऊ, आता अंगठा नाई देत. अजून काय कापाले लावसान?"

अंगठा फक्त तिनं दिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कचेरीत पायी गेलो. ती पायऱ्यांवरच बसली, वर चढवेना. बाबूनं अर्ज उलटून पाहिला. "पहिल्यावर साऱ्या मोहल्ल्याचे अंगठे, यावर एक. ठेवून जा."

परत आलो तर फाटक उघडं. ज्या बाया काल आडव्या उभ्या होत्या त्या आपापल्या दारात. करंज पडलेला होता. ती त्याच्या बुंध्यावर जाऊन बसली, भर उन्हात. मी म्हटलं, "चाल घरी."

"घरी काय हाय?"

मी तिच्यासमोर उभा राहिलो, माझी सावली तिच्या तोंडावर पडेल असा. तिनं दोनदा छाती भरून श्वास घ्यायचा प्रयत्न केला. मग म्हणाली, "बाजूले सरका. वारा अडते."

मी सरकलो.