चौथ्या पानावरची कादंबरी

माणसानं दुसऱ्यासाठी सरकून किती बसावं याला काही मर्यादा असते, एवढी साधी गोष्ट आमच्या संपादकांना शेवटपर्यंत कळली नाही. माणिकपुरात रिक्षास्टँडच्या वरच्या खोलीतून त्यांचं साप्ताहिक निघायचं आणि त्याच्या चौथ्या पानावर त्यांचीच कादंबरी क्रमशः यायची. पण नियमही त्यांचाच. आधी बातमी, मग जाहिरात, आणि उरलेल्या जागेत कादंबरी. "लोकांचा पेपर हाय, माझ्या घरची ओटी नाय," असं ते ठणकावून सांगत. मी सरकारी कचेरीतला कारकून, नोकरीपायी देशावरून येऊन इथे फ्लॅट घेतलेला. दर बुधवारी संध्याकाळी प्रुफं तपासायला जायचो, म्हणून हा सगळा आत्मघात मला जवळून बघायला मिळाला.

सुरुवातीला जाहिराती नव्हत्या तेव्हा कादंबरीची चैन होती. नायिका सासरी भांडून खाडीच्या बांधावर आली ती तीन महिने त्या बांधावरूनच चालत होती. पुढे इमारती उठल्या, जाहिराती आल्या आणि बिचारी धावायलाच लागली. तिचं दुसरं लग्न चार ओळींत उरकलं. तिचा भाऊ आजारातून उठत होता, तेवढ्यात दुपारी साड्यांच्या सेलची जाहिरात आली आणि तो अर्ध्या वाक्यात गेला. चांदीप गावचा एक वाचक सायकल मारत जाब विचारायला आला. "अवो, तो बरा होत होता ना?" संपादकांनी त्याला चहा पाजला आणि अपराधी चेहऱ्यानं म्हणाले, "बराच होनार होता. पन सेल लागला." अग्रलेखांचीही तीच गत. आचोळे गावच्या पाणीटंचाईवर त्यांनी वर्षानुवर्षं लिहिलं. नळाला पाणी आलं नाही, अग्रलेखाला खंड पडला नाही.

लिहायचे ते आलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर. आमचा छापखाना जुना, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापणारा, आणि खिळे कायमचे अपुरे. एक मजकूर मोडल्याशिवाय दुसरा उभा राहायचा नाही. खिळे जुळवायला माणिकपूरच्याच एक मावशी होत्या. मजकूर जुळवून झाला की त्या पत्रिकांना मावशी हाताची शाई पुसत. संपादकांची त्याला हरकत नसे. छापला तो मजकूर, बाकी नुसता कागद, असं त्यांचं मत होतं.

या कादंबरीची एकच खरी वाचक होती, त्यांची बायको. काकींची नजर गेली होती. दर गुरुवारी संपादक छापील अंक घेऊन त्यांच्यापुढे बसत आणि तेवढा तुकडा वाचून दाखवत. हस्तलिखित कधीच वाचत नसत. काकींचा प्रश्न ठरलेला, "ती घरी कधी येनार?" उत्तरही ठरलेलं, "जागा मिळाली की."

मग काकी अंथरुणाला खिळल्या आणि संपादकांनी जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी जागा मागितली. शेवटच्या प्रकरणाला पूर्ण चौथं पान! सोमवारी मावशींनी ते जुळवून, दोरीनं बांधून टेबलावर ठेवलं. मंगळवारी सकाळी काकी गेल्या.

बुधवारी संपादक घरी होते. टेबलाशी मी होतो. ज्यांच्यासाठी ते आयुष्यभर सरकून बसले ती सगळी माणसं एकेक करून जिना चढून आली. साडीवाले आले, इमारतवाले आले, भजनी मंडळ आलं. प्रत्येकाच्या हातात काकींच्या श्रद्धांजलीची जाहिरात आणि प्रत्येकाचा आग्रह एकच, "चौथ्या पानावर घ्या, त्यांच्या कादंबरीच्या पानावर." काकींची श्रद्धांजली परत पाठवायची माझी छाती झाली नाही. आणि नियम तर नियमच. खिळे पुरेनात, म्हणून मावशींना मी ते प्रकरण मोडायला सांगितलं. त्याच अक्षरांनी श्रद्धांजल्या उभ्या राहिल्या. काकींच्या नावात काना-मात्रेची चूक नको म्हणून मी प्रुफं तीनतीनदा तपासली. या गाढवपणाबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

गुरुवारी अंक घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चौथं पान उघडलं. "शेवट कुठे?"

"काका, जाहिराती आल्या."

त्यांनी अंकाची घडी घातली. मग म्हणाले, "नियम बरोबर पाळलास." त्यापेक्षा त्यांनी मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं.

मी धावत मावशींकडे गेलो. पत्रिका शाईनं काळ्या होऊन गेल्या होत्या. निदान प्रकरण आठवतंय का, म्हणून विचारलं. त्या रडकुंडीला आल्या. "अरे बाबा, जुळवताना अर्थ कोन वाचतो? मी अक्षरं बघते, ती पन उलटी."

काकींना तरी शेवट वाचून दाखवला होता का, हे विचारायला मला महिना लागला. "नाय," संपादक म्हणाले. "छापून आल्यावर वाचीन म्हटला."

साप्ताहिक पुढे काही वर्षं चाललं. चौथं पान जाहिरातींनी भरून वाहायचं. पुन्हा लिहा म्हणून मी त्यांच्या मागे लागायचो. ते एखादी लग्नपत्रिका उलटी करत, पेनाचं टोपण काढत आणि तसेच बसून राहत. "आठवतो सगळा," म्हणायचे. "पन आता विचारतो कोन?"

एका बुधवारी मला राहवलं नाही. मी विचारलं, "काका, ती घरी कधी येणार?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. हसले थोडेसे. मग पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "तू प्रुफं बघ."