पाव्हणं, घ्या आता

माझी नोकरी वजनमापं तपासण्याची. बाजारात गेलो की आधी तराजूच्या पारड्याखाली हात फिरवायचा आणि मग दुकानदाराशी बोलायचं, ही पंचवीस वर्षांची सवय. पारड्याखाली चिकटवलेली लोहचुंबकं मी इतक्या वेळा सोडवली आहेत की आता भाजीवालीनं कोथिंबीर फुकट दिली तरी मी जुडी उलटी करून बघतो. बायको म्हणते, तुमच्याशी संसार करणं म्हणजे रोज तपासणीला उभं राहणं. त्यात खोटं काही नाही.

म्हणून मागच्या हिवाळ्यात मी घरचे स्पीकर बदलायचं काढलं तेव्हा सगळ्यांना नवल वाटलं. हा माणूस हौसेसाठी खर्च करतो कसा? मी सांगत सुटलो की अॅम्प्लिफायर ठणठणीत आहे, डबेच घोगरे झालेत. खरं कारण कुणालाच सांगितलं नाही. ते कारण म्हणजे चुलत्याचं एक वाक्य.

आमच्या घरात एक कॅसेट आहे. माझा बाप किनवट तालुक्यातल्या आमच्या गावच्या गायनपार्टीत होता. जयंतीला, लग्नाला ही पार्टी गायची. पुढं एकजण गाणार आणि मागं चौघं त्याची ओळ उचलून धरणार. त्या मागच्यांच्या गाण्याला झील म्हणतात. मी पाच वर्षांचा असताना बाप वारला. त्याचा चेहरा मला फोटोतून माहीत आहे आणि आवाज या कॅसेटमधून. लहानपणी आई ती शेजाऱ्यांच्या टेपवर लावायची आणि म्हणायची, "ह्यात तुझ्या बापाचा आवाज हाय."

आणि आवाज तरी कसला! भरदार, वरच्या पट्टीतही न फाटणारा. वसतिगृहात पोरांनी बापावरून टोचलं की मी हा आवाज आठवून छाती पुढं काढायचो. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात टेपरेकॉर्डर घेतला तो यासाठीच. स्वतःच्या लग्नातही मी ती कॅसेट मांडवात लावली होती. ऑफिसातला एकही माणूस असा नसेल की ज्याला मी ती ऐकवली नाही.

मग धर्माबादला एका लग्नात पंगतीत शेजारी बसलेला चुलता म्हणाला, "तुझा बाप झीलकरी व्हता. पुढं गायला गळा कुठं व्हता त्याचा?" एवढं बोलून त्यानं वरण मागितलं. बाप आणि चुलता यांचं बांधावरून वाकडं होतं, हे सगळ्या भावकीला माहीत. मेलेल्या माणसावरही हा राग काढतोय असं म्हणून मी ते झटकलं. पण घरी आल्यावर कॅसेट लावली, आणि पहिल्यांदाच ती तपासणीच्या कानानं ऐकली. गाणं सुरू व्हायच्या आधी त्यात घरघर आहे, आणि त्या घरघरीत कुणीतरी दोन-तीन शब्द बोलतं. इतकी वर्षं मी तो कचराच समजत होतो. आता वाटायला लागलं, जे काही आहे ते तिथंच आहे. जुन्या डब्यांतून मात्र ते काही केल्या कळेना.

आमच्या नांदेडातच एका दुकानात गेलो तर त्यानं डीजेचं गाणं लावून फळीवरचे कप थरथरवले आणि माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. आवाज कमी करा म्हटलं तर म्हणाला, मग बेस कसा कळणार? मी जिना उतरलो. लातूरला एकजण खोलीत बसवून निवांत ऐकवतो असं कळलं. कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. उतरवणाऱ्याच्या शेजारी पूर्ण वेळ खुर्ची टाकून बसलो, न जाणो त्यानं सफाईच्या नावाखाली ते शब्दच पुसले तर! एका रविवारी सकाळीच गाडी काढली.

लातूरचा दुकानदार चाळिशीचा, कपाळावर विभूती, बोलणं मऊ. इतकं मऊ बोलणारा व्यापारी मला चालत नाही. त्यानं आधी आपल्याकडचं गिटारचं काहीतरी लावलं. ते सगळ्याच स्पीकरवर छान वाजत होतं. मी म्हटलं, दुकानदाराच्या वजनानं दुकानदाराचा काटा तपासत नसतात, माझं वाजवा. तो हसला आणि त्यानं माझा पेनड्राइव्ह लावला. दोन जोड्या होत्या, एक उंच खांबासारखी आणि एक छोटी. उंच जोडी जास्त चांगली वाटली, पण तिची किंमतही जास्त होती, म्हणून मी मोबाइलवर आवाज मोजायचं अॅप उघडलं. उंच जोडी मुळातच मोठ्यानं वाजत होती! मोठा आवाज कानाला नेहमी बरा वाटतो, एवढं मी वाचून गेलो होतो. म्हटलं, तुम्ही काट्याची दांडी मारताय.

"सर, ह्या जोडीला करंट कमी लागतो, म्हणून त्याच नॉबवर ती जोरात वाजते," तो म्हणाला. "तुम्ही आल्यापासून माझ्यावर डाऊटच घेऊन राहिले." मग त्यानं स्वतःच नॉब मागं घेतला आणि माझ्या मोबाइलवरचा आकडा सारखा करून दाखवला. मी स्पीकरवर चादर टाकायला लावली, वायरी कुठून कुठं जातात ते मागं वाकून पाहिलं, आणि डोळे मिटून बसलो. सारख्या आवाजात छोटी जोडीच स्वच्छ निघाली. मी तोंडावर काही दाखवलं नाही. पुन्हा अगदी सुरुवातीपासून लावा म्हटलं.

घरघर आली. पण आता ती घरघर नव्हती, मांडवातली माणसं होती. कुणीतरी खोकलं, पेटीवाल्यानं सूर धरला, आणि अगदी जवळून एकजण म्हणाला, "पाव्हणं, घ्या आता." लगेच तो भरदार आवाज सुरू झाला.

मी तीनदा मागं नेऊन ऐकलं. दुकानदारानं हळूच विचारलं, घरचं कुणी आहे का. मी सवयीनं वडील म्हणालो आणि जीभ चावली. पाव्हणा म्हणजे परगावचा माणूस. आपल्या गावात कुणी कुणाचा पाव्हणा नसतो. बापाला त्याच्याच गावात पाव्हणं कोण म्हणेल?

स्पीकर बांधून घेताना दुकानदार म्हणाला की पैसे नंतर बघू, चार दिवस घरी ऐका, पटलं तर ठेवा. इतका विश्वास बघून मला जास्तच शंका आली. मी दोन्ही खोके उघडून आतला माल पाहिला. आत बरोबर तीच जोडी होती.

परतीच्या वाटेवर अहमदपूर सोडलं आणि एकदम सुचलं. जावयालाही पाव्हणं म्हणतात! आईचं माहेर बिलोलीकडचं. टेप तिकडची असली तर पाव्हणा म्हणजे जावई आणि जावई म्हणजे माझा बाप. मला इतका आनंद झाला की लोह्याला थांबून दोन चहा घेतले. पण गाडीत बसल्यावर दुसरा विचार आला. चुलता खोटा नसला तर आई खोटी. विधवा बाईनं लेकराला धीर यावा म्हणून दुसऱ्याच कुणाचा गळा बापाचा म्हणून दिला असला तर? आईवर संशय घेतला, हे लिहायला लाज वाटते. पण घेतला.

दिवेलागणीच्या आत घरी पोचलो. स्पीकर जोडले, आईला समोरच्या खुर्चीत बसवलं. डबे बारके दिसतात म्हणाली. मी गाणं लावलं, ते शब्द येऊन गेले, आणि मी सहज विचारल्यासारखं विचारलं की हे टेप कुठं केलं होतं.

"आपल्याच गावात. विहारापुढं मांडव घातला व्हता," आई म्हणाली. "पुढं गायला त्यो पाव्हणा देगलूरकडून आणलेला. लई गोड गळा."

तिनं इतकं सरळ सांगितलं की मला आधी कळलंच नाही, माझ्या हातातून काय गेलं ते. मग राग आला. लहानपणापासून हा बापाचा आवाज म्हणून तूच सांगत आलीस, असं मी जरा चढ्या आवाजात बोललो.

"ह्यात हाय म्हनले म्या. पुढं गातो असं कवा म्हनले?" ती म्हणाली. "तूच सांगत सुटलास गावभर. लेकरू बापाचं कवतिक करून राहिलं, त्याला आडवावं कसं?"

तिचं माप पहिल्यापासून पुरं होतं. आकडा वाचायला मी चुकलो होतो. माझ्या लग्नात मी देगलूरच्या कुण्या परक्या माणसाला बाप म्हणून मिरवलं, आणि ती शेजारी बसून ऐकत राहिली. त्याहून वाईट म्हणजे आता मागं झील चालू होती, चार माणसं गात होती, आणि त्यातला आपला कोण हे मला ओळखता येत नव्हतं. पन्नाशीच्या माणसानं आईला विचारावं असा तो प्रश्न नव्हता, पण मी विचारला. चौघांतला कोणता?

आई पुढं गाणाऱ्याकडे लक्षच देत नव्हती. त्याची ओळ संपेपर्यंत ती नुसती बसली होती. झील सुरू झाली तशी तिनं बोट वर केलं आणि ओळ सरेपर्यंत तसंच धरलं.

"तिघं थांबले की एकजण मागं ऱ्हातो बघ. सगळ्यांच्या मागून सोडतो. त्यो."

मी कान लावून बसलो. पाव्हण्यानं पुढची ओळ घेतली, ती संपली, झील उठली. तिघं थांबले. तो थांबला नाही.